नेपोलियनच्या काळातल्या सैनिकाची गोष्ट लिहिताय? आधी बंदूक भरायला शिका

ओळखीपाळखीतून माझ्याकडे अशा गोष्टी वाचायला येतात, म्हणजे १८०५ ते १८१५ च्या दरम्यानचा कोणीतरी इंग्रज किंवा फ्रेंच शिपाई, लढाई, पाठलाग, एखादं चोरीला गेलेलं पत्र वगैरे. दहातल्या आठ गोष्टी एकाच जागी फसतात. शत्रूचे घोडेस्वार दौडत येतायत आणि आपला हिरो खडकाआड बसून धडाधड सात-आठ गोळ्या झाडतो, त्याही नेम धरून. अहो, ती ठासणीची बंदूक आहे! एक बार काढला की ती पुन्हा भरेपर्यंत नुसती काठी.

माझी स्वतःची पहिली गोष्ट अशीच होती. एका दिवाळी अंकात छापूनही आली. मग फौजेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदार काकांचं पोस्टकार्ड आलं, त्यावर एकच ओळ, "सगळं बरोबर, पण त्याने बंदूक भरली कधी?" त्या ओळीनंतर मी लिहिण्याचा क्रमच बदलला. कथानक नंतर, आधी घड्याळ आणि पिशवी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. मधली पायरी गाळून पुढे गेलात तर दहाव्या पायरीला परत यावं लागतं, हे आधीच सांगून ठेवतो.

उदाहरण एकच धरू म्हणजे गोंधळ नको. पोर्तुगालमधली बुसाकोची लढाई, २७ सप्टेंबर १८१०. आपला शिपाई टॉम, इंग्रजांच्या ५२ व्या पलटणीत साधा प्रायव्हेट.

तयारी : टेबलावर काय हवं

त्या लढाईचा एक नकाशा, साधा चालेल पण त्यावर अंतराची पट्टी पाहिजेच. मोबाईलचा टायमर. लांब दांड्याची जुनी छत्री. स्वयंपाकघरातलं मोठं ताट आणि मूठ-मूठ मसूर आणि हरभरा डाळ. हसू नका, लागणार आहे. आणि एक वही, जिच्यात फक्त आकडे लिहायचे, वर्णन नाही.

शिपायांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी वाचायला मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, पण त्यातल्या बऱ्याच वीस-तीस वर्षांनी लिहिलेल्या असतात. तेव्हा खाणं, थंडी, पायातले बूट, शेजारी कोण होता, या बाबतीत त्यांच्यावर भरवसा ठेवा. शत्रू किती होता या बाबतीत अजिबात नको.

पायरी १ : एक लढाई, एक तारीख, एक टेकडी

"नेपोलियनच्या युद्धांवर गोष्ट" असा विषय नसतोच. ते म्हणजे "पावसावर कविता" म्हटल्यासारखं झालं. विषय म्हणजे २७ सप्टेंबर १८१०, पहाटेचं धुकं, बुसाकोचा डोंगर, त्याच्या उत्तर टोकाकडे सुला नावाचं खेडं आणि त्याच्या वरच्या अंगाला माथ्यामागची एक खोलगट वाट. त्या वाटेत इंग्रज जनरल क्रॉफर्डने ४३ वी आणि ५२ वी पलटण आडवी झोपवून लपवलेली आहे. खालून फ्रेंच मार्शल नेयच्या कोअरमधली (म्हणजे सैन्याच्या मोठ्या विभागातली) लुआझोंची डिव्हिजन चढतेय. बस, एवढीच जागा. बाकीच्या पंधरा किलोमीटर डोंगरावर काय चाललंय ते टॉमला दिसत नाही, म्हणून तुम्हालाही दाखवायचं नाही.

तारीख पक्की केली की लगेच नावं आणि पदव्या तपासा, कारण इथे भलेभले घसरतात.

इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, त्याला वेलिंग्टन ही पदवी मिळाली १८०९ मध्ये, तालाव्हेराच्या लढाईनंतर. त्याआधीच्या गोष्टीत कोणी त्याला वेलिंग्टन म्हणालं की संपलं. आणि ड्यूक तो झाला १८१४ मध्ये, म्हणजे बुसाकोला तो लॉर्ड वेलिंग्टन, "ड्यूकसाहेब" नाही.

नेपोलियन सम्राट झाला १८०४ मध्ये. १८०३ च्या गोष्टीत तो फर्स्ट कॉन्सल, म्हणजे फ्रान्सच्या सरकारचा प्रमुख.

आणि नेपोलियनला प्रत्येक लढाईत आणू नका प्लीज. स्पेनमध्ये तो स्वतः जेमतेम अडीच-तीन महिने होता, १८०८ च्या नोव्हेंबरपासून १८०९ च्या जानेवारीपर्यंत. बुसाकोला फ्रेंचांचा सेनापती मासेना होता.

रशियातली गोष्ट असेल तर कॅलेंडर बघा. रशियन तारीख तेव्हा १२ दिवस मागे चालायची. बोरोदिनोची लढाई फ्रेंच शिपायाच्या डायरीत ७ सप्टेंबर १८१२ आणि रशियन शिपायाच्या लेखी २६ ऑगस्ट. तीच लढाई, तोच दिवस. एका गोष्टीत दोघं भेटणार असतील तर ही गंमत वापरताही येते.

थांबा, तपासा : तुमच्या वहीत दिवस, जागा, वेळ आणि दोन्हीकडच्या त्या भागातल्या कमांडरचं नाव आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी २ : तो नेमका कुठल्या रांगेत उभा आहे

"सैनिक" हा हुद्दा नाही. टॉम कुठल्या पलटणीत, कुठल्या कंपनीत, पुढच्या रांगेत की मागच्या, हे ठरवा. इंग्रज पायदळ साधारण दोन रांगांत लढायचं, फ्रेंचांची लाइन तीन रांगांची आणि हल्ला बहुतेक वेळा कॉलमने, म्हणजे पुढून अरुंद आणि मागे खोल असा जमाव. याचा गोष्टीवर थेट परिणाम होतो. दोन रांगांत उभ्या प्रत्येक माणसाला बार काढता येतो, कॉलमच्या मधल्या फ्रेंच शिपायाला पुढच्याच्या पाठीवरची पिशवी सोडून काही दिसत नाही, तो नुसता ढकलला जातो. फ्रेंच हिरो घेतला तर तो मधे आहे की कडेला, यावर त्याची सगळी लढाई बदलते.

इंग्रजांचा लाल कोट सगळ्यांना घालू नका. ९५ वी रायफल्स गडद हिरव्या कपड्यात होती आणि त्यांच्याकडे बेकर रायफल. तिच्या नळीला आतून आटे, त्यामुळे नेम लांबचा, पण भरायला जास्त वेळ. साध्या मस्केटचा, म्हणजे आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा, नेम शंभर मीटरच्या पुढे गेला की देवाच्या भरवशावर. लोकांना दोन्ही हवं असतं, रायफलचा नेम आणि मस्केटचा वेग. नाही मिळत.

अजून एक हमखास चूक म्हणजे हिरो दुसऱ्या पानावर प्रायव्हेट आणि दहाव्या पानावर कॅप्टन. इंग्रज सैन्यात ऑफिसरची जागा पैसे देऊन विकत घेता यायची, पायदळात सगळ्यात खालची एनसाइनची जागा सरकारी भावाने ४०० पौंड. शिपायाचा रोज होता एक शिलिंग, त्यातूनही खाण्याचे, सामानाचे पैसे कापून. ४०० पौंड म्हणजे आठ हजार शिलिंग, करा हिशोब. युद्धाच्या धामधुमीत बऱ्याच जागा बिनपैशाने भरल्या जायच्या हे खरं, साध्या शिपायातून ऑफिसर झालेलेही होते, पण थोडे, आणि मेसमध्ये बाकीचे त्यांच्याशी कसे वागायचे हा वेगळाच विषय. फ्रेंच बाजूला मात्र खालून वर आलेले ऑफिसर भरपूर. हिरोला चढवायचंच असेल तर त्याला फ्रेंच करा, सोपं पडेल.

पायरी ३ : पिशवी रिकामी करा

आता टॉमचं सगळं सामान जमिनीवर पसरा, म्हणजे वहीत यादी करा. ६० काडतुसं. चकमकीचे जादा दगड दोन-तीन, बाराची ठिणगी यांनीच पडते. मस्केट, वजन साडेचार किलोच्या आतबाहेर. संगीन. घोंगडी, ग्रेटकोट, पाण्याचं लाकडी भांडं, खाण्याची झोळी. सगळं मिळून २५ किलोच्या पुढे जातं. तुमच्या घरात २५ किलोची तांदळाची गोणी येत असेल तर ती पाठीवर घेऊन एक जिना चढा, मग "तो चपळाईने कड्यावर झेपावला" हे वाक्य आपोआप खोडाल.

रोजचं खाणं कागदावर एक पौंड बीफ, एक पौंड बिस्कीट किंवा दीड पौंड पाव, आणि वाइन किंवा रम. कागदावर. गाड्या मागे राहिल्या की काहीच नाही. इंग्रज शिपायांना स्पेनमध्ये सरसकट तंबू मिळाले ते १८१३ मध्ये, त्यामुळे १८१० ला टॉम तंबूत झोपलेला दिसला की मी पान उलटतो. तो झाडाखाली झोपतो, घोंगडीत, दवात.

नसलेल्या वस्तूंची पण यादी करा. काडेपेटी नाही, घासून पेटणारी काडी १८२० च्या दशकात आली. दुर्बीण आहे पण एका डोळ्याची, दोन डोळ्यांची नाही. भूल नाही. गळ्यात नावाचा बिल्ला नाही, त्यामुळे पडलेला माणूस ओळखायचा तर शेजाऱ्यानेच. व्हिक्टोरिया क्रॉस नाही, ते १८५६ चं.

पायरी ४ : बंदूक भरा

या पायरीवर मी नवीन लेखकांना अख्खी संध्याकाळ बसवतो. छत्री घ्या, उभे राहा, टायमर लावा.

घोडा, म्हणजे चकमकीचा दगड धरणारा खटका, अर्धा ओढा. कमरेच्या पेटीतून काडतूस काढा, म्हणजे कागदाची गुंडाळी, आत दारू आणि गोळी. दाताने कागद फाडा. थोडी दारू, जिला आपल्याकडे रंजक म्हणायचे, ती बाजूच्या छोट्या वाटीत टाका आणि वाटीचं झाकण पाडा. दस्ता जमिनीवर टेकवा. उरलेली दारू नळीत ओता, मागोमाग गोळी आणि कागद. नळीखालचा लोखंडी गज उपसा, ठासा, गज परत जागेवर ठेवा. बंदूक उचला. घोडा पूर्ण ओढा. खांद्याला लावा. चाप.

छत्रीने हे करायला तुम्हाला पहिल्यांदा चाळीस-पन्नास सेकंद लागतील. कसलेला शिपाई कवायतीच्या मैदानावर मिनिटाला तीन बार काढायचा, म्हणजे वीस सेकंदाला एक. लढाईत, दोन्ही बाजूंनी ढकलाढकली, नळीत जळलेल्या दारूची काजळी साठलेली, हात घामाने निसरडे, संगीन आधीच लावलेली असेल तर गज ठासताना तिच्यावर बोटं सोलवटतायत, तेव्हा तो वेग टिकत नाही.

आता यात काय काय बिघडू शकतं ते बघा. खरा माल इथे आहे.

वाटीतली रंजक पेटते, भस्सकन धूर येतो, पण आतला बार उडत नाही. आपण फुसका बार म्हणतो ना, तो हाच. गोंगाटात शिपायाला ते कळतही नाही, तो वरून दुसरं काडतूस ठासतो, आता नळीत दोन. घाईत गज नळीतून काढायचा राहतो आणि गोळीबरोबर उडून जातो, त्यानंतर त्याची बंदूक म्हणजे फक्त भाला. चकमकीच्या दगडाची धार काही डझन बारांत जाते, मग ठिणगीच पडत नाही. पाऊस आला की दारू भिजते. १६ मे १८११ ला अल्बुएराला नेमकं तेच झालं, पावसाची जोरदार सर आली, दिसेनासं झालं, बंदुका निकामी, आणि त्याच सरीच्या आडून फ्रेंचांकडच्या पोलिश भालाईत घोडेस्वारांनी इंग्रजांच्या कोलबोर्नच्या ब्रिगेडचा काही मिनिटांत चुराडा केला. ती ब्रिगेड तेव्हा चौकोनात, म्हणजे चारी बाजूंना संगिनी रोखून, उभी नव्हती, लाइनमध्ये होती.

आणि तोंड. काडतूस दाताने फाडायचं म्हणजे दर वेळी थोडी दारू जिभेवर, ती खारट, दहा-बारा काडतुसांनंतर तोंडाला कोरड पडून जीभ टाळ्याला चिकटते. लढाईच्या गोष्टीत तहान नसेल तर लेखकाने काडतूस फाडलेलं नाही असं समजावं.

चेतावणी : सगळी कृती प्रत्येक वेळी लिहू नका. एकदाच पूर्ण लिहा, पहिल्या बाराला. पुढे फक्त एखादा तुकडा, "गज परत खाली सरकवला", एवढाच. वाचकाच्या हाताला ती सवय लागलेली असते, आणि मग पाचव्या बाराला गज जागेवर नसेल तर त्याच्या पोटात गोळा येतो, तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

पायरी ५ : ताटात रणांगण मांडा

मसूर म्हणजे इंग्रज, हरभरा म्हणजे फ्रेंच. नकाशावरून ताटात टेकडी आखा आणि डाळ सरकवत मिनिटांचा हिशोब करा.

इंग्रजांच्या कवायतीत साध्या चालीला मिनिटाला ७५ पावलं, जलद चालीला १०८, पाऊल ३० इंचांचं. म्हणजे साधी चाल मिनिटाला ५७ मीटर, जलद ८२. आता मस्केटचा भरवशाचा पल्ला शंभर मीटर धरा. जलद चालीने येणारा माणूस शंभर मीटर सपाटीवर सव्वा मिनिटाच्या आत कापतो. सव्वा मिनिटात तुमचा हिरो फार तर तीन-चार वेळा बार काढेल, तेही सगळं नीट झालं तर. घोडेस्वार असतील तर एकदाच, दुसऱ्याला वेळ नाही. ते सात-आठ बार कुठून आले मग?

बुसाकोला तर याहून कमी. टॉम त्या खोलगट वाटेत पडून आहे. समोर उतारावर ९५ वीचे रायफलवाले आणि पोर्तुगीज कासादोर (हलकं पायदळ) विरळ पसरून झाडत झाडत मागे येतायत. कॉलम माथ्यावर, अगदी वीस-पंचवीस पावलांवर येईपर्यंत हुकूम नाही. मग उठायचं, एक बार, आणि संगिनी. दोन्ही टोकांच्या कंपन्या कडेने वळून कॉलमच्या बाजूवर आणखी बार काढतात, पण टॉमला मी मधल्या कंपनीत ठेवतो, मुद्दाम. त्याला अख्ख्या गोष्टीत एकच गोळी. आता बघा, एकच गोळी असली की तिच्याआधीचा अर्धा तास किती मोठा होतो.

लाइन, कॉलम, चौकोन यांचं गणित पण ताटातच समजून घ्या. घोडेस्वार आले की चौकोन करायचा, संगिनी बाहेर. चौकोनात घट्ट उभ्या माणसांवर तोफ लागली की एका गोळ्यात माणसांची रांगच्या रांग जाते. म्हणून लाइन करावी, तर परत घोडेस्वार. तुमच्या नायकाच्या ऑफिसरला यातलं काहीतरी एक चुकीचं निवडायला लावा, आयता पेच तयार.

आपल्याकडची लढाई घ्यायची असेल तर असई आहे ना, २३ सप्टेंबर १८०३, भोकरदनजवळ, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधली जागा. इथे ताटाची गरज नाही, एसटी पकडून जाता येतं. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं होतं की नदीला उतार नाही. त्याने बघितलं, काठावर दोन गावं समोरासमोर आहेत, म्हणजे माणसं ये-जा करतच असणार, म्हणजे उतार आहे. आणि होता. आपल्या खेड्यात वाढलेल्या कुठल्याही पोराला हे सुचलं असतं, फक्त आपण ते गोष्टीत वापरत नाही. नदी ओलांडताना त्याच्या शेजारच्या घोडेस्वाराचं डोकं तोफगोळ्याने उडालं. पुढे शिंद्यांचे काही गोलंदाज तोफांजवळ मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे निघून गेल्यावर उठून त्यांनी पाठीमागून तोफा डागल्या. सोंग घेऊन पडलेला एक गोलंदाज, त्याच्या अंगावरून बूट जातायत. बोला, अजून काय पाहिजे?

पण एक सांभाळा. शिंद्यांच्या त्या कवायती फौजेचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा आणि शिपायांत मोठा भरणा उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांचा. सगळ्यांच्या तोंडी घाटावरची मराठी घालू नका. शिवाय वेलस्लीकडेही मद्रासचे शिपाई, म्हैसूरचे आणि मराठे स्वार होतेच. "आपले विरुद्ध गोरे" असं ते सरळ नव्हतं.

पायरी ६ : धूर सोडा

काळी दारू पांढरा दाट धूर सोडते. वारा नसेल तर दोन-तीन सलग बारांनंतर समोरचं दिसत नाही. म्हणून "त्याने दूरवर मार्शलच्या डोळ्यांतली भीती पाहिली" हे पहिल्या बाराआधीच लिहून घ्या, नंतर चान्स नाही.

मग काय लिहायचं? आवाज आणि पाय. हुकूम आवाजाने पोचत नाहीत, लाइनच्या पलटणीत ढोल, हलक्या पायदळात बिगूल, म्हणून टॉमला बिगुलाची धून ओळखता आली पाहिजे. धुरातून चाल किती जवळ आली ते ढोलावरून. शेजाऱ्याचा खांदा लागतोय की नाही यावरून रांग शिल्लक आहे की नाही. पडलेल्यांची जागा भरायला सगळे मधल्या निशाणाकडे सरकतात, तेव्हा शेजारी बदलतो. मला विचाराल तर लढाईतलं सगळ्यात भीतीदायक वाक्य तेच असू शकतं, की उजवीकडे आता वेगळाच माणूस आहे.

एक परिच्छेद दोन्ही प्रकारे लिहून दाखवतो.

आधीचा : "टॉमने शत्रूच्या अफाट सेनासागराकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत अंगार फुलला. त्याने एकामागून एक गोळ्या झाडत शत्रूला धूळ चारली."

नंतरचा : "टॉम पालथा पडून होता. नाकासमोर मुंग्यांची रांग. पलीकडून ढोल येत होता, आधी जमिनीतून, मग कानातून. रायफलवाला एक जण माथ्यावरून घसरत आला, त्यांच्या अंगावरून उडी मारून मागे पळाला, जाताना 'आले' एवढंच म्हणाला. टॉमने अंगठ्याने दगडाची धार चाचपली. पाचव्यांदा."

दुसऱ्यात एकही गोळी नाही, तरी पुढचं पान उलटावंसं वाटतं.

पायरी ७ : आता कथानक

हो, आत्ता. सातव्या पायरीला.

सैन्याला काय हवंय ते सोडा, टॉमला काय हवंय? ते छोटं ठेवा आणि पायरी ३ च्या पिशवीतून काढा. समजा टॉमने आदल्या रात्री पत्त्यांत आपले दोन्ही चांगले दगड हरलेत. बंदुकीला लावलेला दगड झिजलेला. जिंकणारा माणूस त्याच्याच शेजारी पडलाय. सार्जंटला सांगावं तर शिक्षा, आणि इंग्रज सैन्यात शिक्षा म्हणजे पाठीवर फटके. न सांगावं तर त्या एकुलत्या एका बाराला ठिणगी पडेल की नाही देव जाणे. बुसाकोची लढाई इंग्रज जिंकणार हे वाचकाला ठाऊक असलं तरी दगडाचं काय होणार हे ठाऊक नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे हिरोमुळे लढाई जिंकली जाणं. नको. एवढ्या मोठ्या सैन्यात त्याने फक्त त्याची वीस फूट जागा सांभाळली तरी पुष्कळ आहे.

पायरी ८ : कुठली मराठी वापरायची

शब्दांची चिंता करू नका, आपल्याकडे सगळे आहेत. संगीन, काडतूस, गज, रंजक, गोलंदाज, तोफखाना, पलटण, रिसाला, बिनी, पिछाडी, खंदक, खिंडार, मोर्चे, सुलतानढवा. यातले बरेच त्याच काळात आपल्या फौजांत रोज तोंडात होते, म्हणून ते आजही कानाला खरे लागतात. "फ्लिंटलॉक मस्केटचा ट्रिगर पुल केला" असलं काही लिहिण्यापेक्षा "चाप ओढला" लिहा. पण हुद्दे मूळचेच ठेवा, लेफ्टनंटला सुभेदार करू नका, सुभेदार हा कंपनी सरकारच्या हिंदी पलटणीतला वेगळा हुद्दा होता.

संवादात शिपाई एकमेकांना "तू", सार्जंट शिपायाला "तू", शिपाई ऑफिसरला "सर" आणि "तुम्ही", तेही विचारलं तरच. टॉमच्या तोंडी "भावा" आणि "विषय संपला" नको, तसंच "हे नराधमा" पण नको. दोन्ही टोकं टाळून मधलं, रोजच्या कामावरच्या माणसाचं बोलणं. कंटाळलेलं, थोडं खवचट.

पायरी ९ : लढाईनंतरचा एक तास

हा बहुतेक जण लिहीतच नाहीत, विजयाची आरोळी झाली की पडदा. प्रत्यक्षात तेव्हा हजेरी असते. नाव पुकारलं जातं, उत्तर येत नाही, कोणीतरी सांगतं "वाटेत पडलेला पाहिला". पाणी शोधणं, मेलेल्यांच्या झोळ्या चाचपणं (हो, आपले पण, हिरो पण). जखमी तसेच पडलेले. तालाव्हेराला जुलै १८०९ मध्ये वाळलेल्या गवताला आग लागली आणि हलता न येणारे जखमी त्यात जळाले.

सर्जनकडे नेलात तर लक्षात ठेवा, भूल नसल्यामुळे हात-पाय कापताना वेग हीच दया. आणि जखमेत गोळीपेक्षा गोळीबरोबर आत गेलेला मळक्या कोटाचा तुकडा जास्त घात करायचा, हिरोला आठव्या दिवशी ताप आणायचा असेल तर तो तुकडा आधी दाखवून ठेवा.

बायकांना विसरू नका. परदेशी मोहिमेवर निघताना दर कंपनीमागे साधारण सहा बायकांना नवऱ्यांबरोबर जायची परवानगी असायची, कोण जाणार ते चिठ्ठ्या टाकून. कपडे धुणं, जखमी शोधणं, सगळं त्या करायच्या.

पायरी १० : काडतुसं मोजा

लिहून झालं की दोन दिवस बाजूला ठेवा, मग टायमर आणि वही घेऊन बसा. प्रत्येक बारापाशी पेन्सिलने टिक करा. दोन टिकांच्या मधे गोष्टीत किमान वीस सेकंदांचं काही घडतंय का बघा. घडत नसेल तर एक बार काढून टाका, सेकंद भरायला उपमा घालू नका.

मग दगड किती उरले, पाणी किती उरलं, संगीन कुठे आहे. तीन वेळा तरी माझ्या असं लक्षात आलंय की हिरोने पाचव्या पानावर संगीन कोणाच्या तरी बरगड्यांत सोडली आणि सातव्या पानावर तिनेच पाव कापतोय.

शेवटी टॉमची पेटी उघडा. सकाळी ६० होती, एकच बार काढला, आत ५९ असायला हवीत. ५६ निघाली तर ती तीन कुठे गेली ते त्याला विचारा आणि पायरी ५ ला परत या.